पाळी सुटल्यावर गाणी किती मोठ्याने?

हिंगणा एमआयडीसीत दिवसभर प्रेस मशीनवर किंवा पत्रा कापण्याचे काम करणारा कामगार संध्याकाळी घरी येऊन होम थिएटर लावतो. घरचे म्हणतात, ‘आवाज कमी करा!’ त्याला मात्र तो मोठा वाटतच नाही. यात हट्ट नसतो, त्याचे कान थकलेले असतात.

आतल्या कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. तासन्‌तास गोंगाट झाला की त्या मंदावतात आणि काही काळ ऐकू कमी येते. त्यानंतर शांतता मिळाली, तर बऱ्याच अंशी सावरतात. नेमक्या याच वेळी स्पीकर मोठा केला, तर त्यांची विश्रांती हुकते. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

कान कारखान्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज असा भेद करत नाही. तो एकूण बेरीज मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलपर्यंतचा आवाज ४० तास ऐकावा. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास. गोंगाटाच्या यंत्रावर ही शिदोरी पाळीतच संपते, घरच्या गाण्यांसाठी काहीच उरत नाही.

नुकसानीची सुरुवात बारीक, उंच स्वरांपासून होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट कळत नाहीत. आवाज ऐकू येतो, पण शब्द समजत नाही. कानात शिट्टी वाजत राहणे हीसुद्धा धोक्याची खूण आहे.

उपाय सोपा आहे. सुटीच्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल इतकाच आवाज ठेवा आणि तो आकडा लक्षात ठेवा. संध्याकाळी कितीही कमी वाटला, तरी त्यापुढे जाऊ नका. घरी आल्यावर पहिले दोन-तीन तास स्पीकर बंदच ठेवलेला बरा. कामावर इअरप्लग किंवा इअरमफ वापरा आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्या.

घरचे ‘आवाज कमी करा’ म्हणाले, तर ऐका. त्यांचे कान थकलेले नसतात.