नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला आणि आपल्या वैद्यांच्या बटव्यातली एक मुळी जगभर गेली. त्याआधी १९३१ मध्येच कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचं लिहून ठेवलं होतं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. बेभान झालेले रुग्ण त्याने शांत होऊ लागले. मात्र रक्तदाबासाठी तेच औषध घेणाऱ्या काहींना गाढ नैराश्याने घेरल्याच्या नोंदीही आल्या. त्या नोंदींवर पुढे बराच वाद झाला, पण सेरोटोनिनसारखी मेंदूतली रसायनं आणि मनःस्थिती यांचा संबंध तपासायला त्यातून चालना मिळाली.

झाडपाल्याचं औषध, म्हणजे अपाय नाही, असं समजणाऱ्यांनी सर्पगंधेचा हा इतिहास जरूर वाचावा. मुळीत गुण असेल तर अवगुणही असू शकतो. म्हणून औषध कुठून आलं यापेक्षा ते कोणत्या आजारावर, किती मात्रेत आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यायचं, हे महत्त्वाचं.

मुळात आजार कोणता, इथेच गफलत होते. चार दिवस उदास वाटणं हा आजार नव्हे. किमान दोन आठवडे जवळपास रोज मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. द्विध्रुवी विकारात याच्या उलट टोकही, म्हणजे उन्माद, येतं. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, अखंड बोलतो, भलत्या योजना आखतो, उधळपट्टी करतो. घरच्यांना वाटतं, गडी सावरला! खरं तर त्या वेळी उपचारांची फार गरज असते. थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय किंवा बी-१२ची कमतरता यांमुळेही मरगळ आणि उदासी येते. त्यामुळे काढा सुरू करण्याआधी रक्ततपासणी करून घेणं शहाणपणाचं.

आयुर्वेदाने मनाचे आजार कधीच झटकून टाकले नाहीत. चरकसंहितेत उन्मादाचं सविस्तर निदान आहे आणि उपचारांचे तीन मार्ग सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय (मंत्र-पूजा), युक्तिव्यपाश्रय (आहार-औषधं) आणि सत्त्वावजय. मनाला अहितकारक विषयांपासून आवरणं हा सत्त्वावजयाचा गाभा. आजच्या समुपदेशनाशी त्याचं नातं सहज जुळतं.

नैसर्गिक उपायांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो नियमित व्यायामाचा. सौम्य आणि मध्यम नैराश्यात भरभर चालण्याचाही उपयोग होतो. योगासनं आणि प्राणायाम यांची पूरक उपचार म्हणून मदत होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत त्यावर संशोधन चालतं. द्विध्रुवी विकारात ठरलेल्या वेळी झोपणं-उठणं जवळजवळ औषधाइतकंच मोलाचं, कारण जागरणाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. अश्वगंधेने ताण कमी होत असल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण तेवढ्यावर नैराश्याचं औषध म्हणून तिची शिफारस करता येत नाही. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या रुग्णांनी ती परस्पर घेऊ नये.

युरोपात ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती सौम्य नैराश्यावर वापरतात आणि तिचा गुणही येतो. पण ती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घेतली तर घातक ठरू शकते आणि द्विध्रुवी रुग्णाला उन्मादाकडे ढकलू शकते. बाजारातल्या भस्मांबाबतही सावध राहावं. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

द्विध्रुवी विकारावरचं जुनं आणि खात्रीचं औषध लिथियम हेही खनिजातूनच मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला तोही १९४९ सालीच. ते काम करतं ते रक्तातली पातळी मोजून दिल्यामुळे. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ही पातळी विषारी होऊ शकते. म्हणून लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास करू नये, अळणी व्रत डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये आणि अंगदुखीच्या गोळ्याही स्वतःहून घेऊ नयेत.

योग करा, चाला, वैद्यांचा सल्लाही घ्या. पण काय काय घेता ते मनोविकारतज्ज्ञांपासून लपवू नका आणि बरं वाटतंय म्हणून चालू गोळ्या एकदम सोडू नका. घरात कोणी आत्महत्येची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.