संथ गिरकी

कथकमध्ये चक्कर जितकी वेगवान, तितकी टाळी मोठी. नर्तक अस्ताद देबूंनी कथकच शिकून नेमकं उलटं केलं. घेरदार, पायघोळ अंगरख्यात ते इतके सावकाश फिरायचे की घेरातली एकेक कळी हवेने फुलताना दिसायची. फिरता फिरताच कंबर मागे वाकत जायची. ‘आता तोल जाणार’ असं आपल्यालाच वाटायचं; त्यांना कसलीच घाई नसायची.

ही सवड मिळवायला मात्र बरीच वणवण झाली. जन्म १९४७चा, नवसारीच्या पारशी घरातला. बालपण कोलकाता आणि जमशेदपूरला. इंद्रकुमार मोहंती आणि प्रह्लाद दास यांच्याकडे कथकची तालीम झाली. पुढे कॉमर्ससाठी मुंबईला, पोदार कॉलेजात. इथे अमेरिकन नर्तक मरी लुईस यांच्या मंडळीचा प्रयोग पाहिला आणि जमाखर्चाचा विषय तिथेच संपला. १९६९मध्ये मालवाहू जहाजाने मुंबई सोडली, पुढे मिळेल त्या वाहनाने युरोप गाठला. लंडनमध्ये मार्था ग्रॅहमची शैली, न्यूयॉर्कमध्ये होसे लिमोनची, मग जर्मनीत वुपरटालला पिना बाउश यांच्याकडे.

परतले १९७७मध्ये, आणि मला त्यांच्या आयुष्यातली खरी धाडसाची गोष्ट वाटते ती यानंतरची. परदेशी शिक्का घेऊन आलेला तिशीतला माणूस एव्हाना स्वतःचा क्लास काढून बसला असता. हे गेले केरळात, ई. कृष्ण पणिक्कर यांच्याकडे कथकली शिकायला. ज्या कलेत मुलं दहाबारा वर्षांची असताना बुबुळं फिरवायला शिकतात, तिथे हे विद्यार्थी. पण टिकले आणि गुरुवायूरच्या मंदिरात नाचलेही.

इथल्या जाणकारांना त्यांचं काय करायचं तेच कळेना. कथकवाल्यांना ते परदेशी वाटले, परदेशी लोकांना पुरेसे ‘भारतीय’ वाटेनात. घराणं विचारणाऱ्यांची मोठी पंचाईत! संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ला आला, पद्मश्री २००७ला. कारकिर्दीत पिंक फ्लॉइड या रॉक बँडसोबतचा कार्यक्रम, चीनच्या भिंतीवरचं नृत्य, चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटाचं नृत्यदिग्दर्शन असं बरंच काही झालं. छापायला या गोष्टी बऱ्या.

त्यापेक्षा मोठं काम कर्णबधिर मुलांबरोबरचं. कोलकात्याच्या ‘ॲक्शन प्लेयर्स’ या कर्णबधिरांच्या नाट्यसंस्थेपासून सुरुवात झाली, पुढे चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या मुली आल्या. गाणं ऐकू येत नसताना समेवर यायचं कसं? मोजून. एकेका हालचालीला किती मात्रा, ते अंगात मुरेपर्यंत मोजायचं, शेजारणीच्या खांद्यावर नजर ठेवायची. तालमीला महिनेच्या महिने लागत. अशा नर्तकांना घेऊन ते २००५मध्ये मेलबर्नच्या कर्णबधिर ऑलिंपिकपर्यंत गेले. दिल्लीत ‘सलाम बालक’ संस्थेतल्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलांनाही त्यांनी असंच उभं केलं.

मणिपूरच्या पुंगवादकांसोबतचं काम तर त्यांच्या स्वभावाला आव्हानच. गळ्यात ढोल अडकवून उड्या मारत गिरक्या घेणारी ती तरुण पोरं, आणि मधोमध हा संथ म्हातारा. वेग त्यांचा, ठहराव यांचा. कोणीच दुसऱ्याच्या लयीत ओढलं जात नसे.

१० डिसेंबर २०२०ला, वयाच्या ७३व्या वर्षी, ते मुंबईत गेले. वर्षभर आधीपर्यंत अंगरखा घालून रंगमंचावर फिरत होते, तितक्याच सावकाश.