बेस अडलाय दारात

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचं नाव गिनीज बुकात गेलं. लोणी ते माना या टप्प्यात एका लेनच्या मापानं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, साधारण २५ किलोमीटरचा. हे डांबरीकरण होण्यापूर्वी अमरावती-अकोला रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याचं सगळं ध्यान खड्ड्यांकडे असे. गाणं लावलं तरी ऐकतंय कोण? रस्ता गुळगुळीत झाला आणि बडनेरा मागे पडल्यावर जाणवू लागलं, की आपल्या गाडीतला कंपनीचा टेप अगदीच किरटा वाजतो.

घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत हाच टेप बरा वाटतो. मूर्तिजापूरच्या पुढे वेग ऐंशी-नव्वदला गेला की मात्र ढोलकी आणि तबल्याचा डग्गा गायब होतात. टाळ्या, झांजा आणि गायकाचा आवाज तेवढा उरतो. याला कारण आहे. टायर रस्त्यावर घासताना जो आवाज गाडीच्या आत पोचतो, तो बहुतांश खालच्या पट्टीचा असतो, म्हणजे बेस असतो त्याच भागातला. तिथे तो गाण्याला झाकून टाकतो. म्हणून दुकानाच्या दारात गाडी उभी करून ऐकलेल्या आवाजावर विसंबून पैसे मोजू नयेत. ऐकायचं असेल तर गाडी हायवेवर न्यावी, काचा वर करून आणि एसी नेहमीइतकाच चालू ठेवून.

अमरावती असो की अकोला, गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातला संवाद ठरलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, बेस पायजे. आरसा हालला पायजे." दुकानदार म्हणतो, "मंग बुफर टाकून घ्या ना दादा." तासाभरात डिकीत भलीमोठी पेटी बसते. आरसा हलतो, नंबरप्लेटही खडखडते. पुढच्या दारातले स्पीकर मात्र आहेत तसेच कण्हत राहतात, आणि गाणं पुढे नि बेस मागे अशी फारकत होते. माझं स्पष्ट मत आहे, की बुफर ही शेवटची पायरी आहे. आपल्याकडे तिच्यापासूनच सुरुवात होते.

आधी कंपनीनं काय दिलंय ते पाहू. मोटारीत रेडिओ बसवण्याचा धंदा अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३०मध्ये जमवला; मोटोरोला हे नाव त्याच रेडिओचं. कारखान्यातून निघतानाच त्या मॉडेलच्या मापानं घडवलेली चांगली सिस्टीम देण्याची कल्पना बोस कंपनीच्या अमर बोस यांची. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. १९८३च्या कॅडिलॅक गाड्यांत ही सिस्टीम पहिल्यांदा आली. आज आपल्याकडेही महागड्या मॉडेलवर नामांकित कंपन्यांची पाटी दिसते, त्यांतल्या हरमनचा कारखाना तर पुण्याजवळ चाकणलाच आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांची गाडी मधल्या मॉडेलची. तिच्या दारात साडेसहा इंची स्पीकर असतो: कागदाचा कोन, लहानसं चुंबक, प्लॅस्टिकची चौकट. हा अगदीच टाकाऊ माल नसतो. वजन आणि किंमत दोन्ही वाचवून केलेलं ते काम असतं.

टेपच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असं छापलेलं दिसतं. हा आकडा कुठून येतो ते कळलं तर निम्मी फसवणूक टळेल. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४चा वर्ग करून ४नं भागा, ५१.८ येतात. खोक्यावरचे पन्नास ते हेच. पण ते मिळायला गाण्याची लाट संपूर्ण चौकोनी, म्हणजे पार फाटलेली असावी लागते. स्वच्छ लाटेसाठी हिशेब सव्वीस वॉटच्या आत संपतो आणि चिपमधला तोटा वजा जाता हातात अठरा-वीस वॉट उरतात. आता टेपवरचा बेस ६ डेसिबलनं वाढवा. तेवढ्यासाठी चौपट ताकद लागते. ती टेपपाशी नाहीच, म्हणून आवाज मोठा न होता फाटतो. उलट करून पाहा: बेस फार तर एक-दोन घरं वर ठेवा, मधल्या आणि वरच्या पट्ट्या दोन-तीन घरं खाली आणा, आणि व्हॉल्यूम थोडा चढवा. एक पैसा न घालवता फरक ऐकू येईल.

दुसरी फुकटातली तपासणी उलट्या तारेची. आधी एखाद्यानं स्पीकर बदलला असेल तर एका बाजूची धन-ऋण तार उलटी जोडली गेलेली असते. मग एका दाराचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, पूर्ण उजवीकडे न्या, मग मधोमध आणा. मधोमध आल्यावर बेस कमी वाटला तर तार उलटी आहे. खात्रीसाठी तार टेपपासून सोडवून तिला पेन्सिल सेल क्षणभर लावायचा. धनाला धन जुळलं की कोन बाहेर उसळतो.

आता मुद्द्याचं, दार. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागच्या बाजूनंही हवा हलते, पण उलटी. पुढची आणि मागची लाट एकत्र आली की खालचे सूर एकमेकांना मारतात. म्हणून घरच्या स्पीकरला बंद पेटी असते. गाडीत ती पेटी म्हणजे तुमचं दार. गाडीच्या दाराचं आतलं आवरण काढून पाहा: पत्र्याला ओंजळ जाईल एवढी भोकं, त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद, आणि टिचकी मारली तर डब्यासारखा वाजणारा पत्रा. स्पीकरची मागची हवा त्या भोकांतून पुढे येते आणि बेस तिथेच संपतो. उरलीसुरली ताकद पत्रा थरथरवण्यात जाते. अशा दारात महागडा स्पीकर बसवला तरी तो याच डब्यात बसणार.

उपाय डॅम्पिंगचा, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवण्याचा. पहिलं काम असं, की बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या बरोबर मागे, ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटिल रबराची शीट चिकटवायची आणि छोट्या रोलरनं दाबून घ्यायची. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाचा चौथा-तिसरा हिस्सा झाकला तरी त्याची झणझण बसते. दुसरं काम भोकं बुजवण्याचं, आणि बेससाठी तेच जास्त मोलाचं. मोठ्या भोकांवर आधी कडक पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा स्क्रूनं बसवून मग शीट लावली तर ती ढोलाच्या कातड्यासारखी हलत नाही. तिसरं म्हणजे स्पीकर आणि आवरणाची जाळी यांच्यामधली फट फोमच्या कड्यानं बंद करायची, नाहीतर आवाज आवरणाच्या पोटातच घुमतो.

इथे वऱ्हाडाचं ऊन आडवं येतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. स्वस्तात मिळणाऱ्या काही शीटा ब्युटिलच्या नसून डांबराच्या असतात. पहिल्याच उन्हाळ्यात त्या पाघळतात, काचेच्या यंत्रणेवर ओघळतात आणि गाडीत वास सुटतो. डांबर लोणी-माना रस्त्यावरच शोभतं. शीट घेताना कोपरा सोलून पाहा: डांबराचा वास आला तर परत द्या. पावसाळ्याचाही विचार हवा. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच. ते बाहेर जाण्यासाठी दाराच्या तळाशी छिद्रं असतात. उत्साही कारागीर तीही बुजवतो आणि दोन वर्षांत दार आतून गंजतं. स्पीकरखालची कडी एमडीएफची असेल तर पाण्यानं फुगते; प्लॅस्टिकची घ्यावी, किंवा लाकडी असेल तर रंग मारून घ्यावा.

दारं झाली की बऱ्याच जणांचं समाधान तिथेच होतं. ज्यांचं होत नाही त्यांनी पुढचे दोन स्पीकर बदलावेत, मागच्यांना हात लावू नये. गाणं समोरून ऐकायचं असतं. कंपोनंट सेट घेतला तर वरच्या सुरांचा ट्विटर वेगळा येतो आणि तो आरशाजवळच्या त्रिकोणात बसतो. स्पीकर निवडताना खोक्यावरचे ३०० वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. ३ डेसिबलनं जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज देतो, आणि आपल्या टेपकडे ताकद कमीच आहे.

आणि मग बुफर. गाडी या बाबतीत मोठी उदार असते. ५० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते आणि अडीच मीटरच्या बंद केबिनमध्ये ती मावत नाही. तेव्हा आतली सगळी हवाच एकदम दाबली-सोडली जाते आणि साधारण ७० हर्ट्झच्या खाली बेस आपोआप वाढत जातो. हॉलमध्ये जे काम करायला बारा इंची बुफर लागेल, ते गाडीत सीटखालचा आठ इंची, ॲम्प्लिफायरसकट येणारा चपटा बुफरही बऱ्यापैकी करतो. कापसाच्या हंगामात किंवा शेगावच्या वारीला निघताना डिकीही मोकळी राहते. बुफरची वरची मर्यादा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, आणि सेटिंगमध्ये सोय असेल तर दारातल्या स्पीकरना त्याखालचे सूर देणं बंद करा. ओझं उतरलं की ते स्वच्छ वाजतात आणि बेस सीटखालून येतोय असं वाटेनासं होतं.

नव्या गाड्यांत एक छुपी अडचण असते. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीचा टेप व्हॉल्यूम वाढेल तसा बेस गुपचूप कापतो. त्याच तारेवरून ॲम्प्लिफायरला आवाज दिला तर कापलेला बेसच मोठा होतो. अशा गाडीत ही काटछाट सुधारणारा डीएसपी, म्हणजे आवाज दुरुस्त करणारी चिप, असलेला ॲम्प्लिफायर लागतो. तो प्रत्येक स्पीकरचा आवाज किंचित उशिरानेही सोडू शकतो. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, आणि चालकाच्या उजव्या हाताचा स्पीकर डावीकडच्यापेक्षा बराच जवळ असतो. जवळचा आवाज तेवढा उशिरा सोडून दोन्ही एकाच वेळी कानावर आले की गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसतो.

वायरिंगवर कंजुषी नको. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या, फार तर हातभराच्या अंतरात. तांब्याची म्हणून विकली जाणारी तार कित्येकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघते. पात्यानं खरवडली की आतून पांढरी दिसते. कंपनीची तार कापू देऊ नका, त्या मॉडेलचा कपलर मागा, नाहीतर वॉरंटीचा वाद उभा राहतो. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या तारांजवळ कुणाचा हात जाऊ देऊ नका. बाहेरून बसवलेल्या वस्तूंची किंमत विम्यात वेगळी नोंदवावी लागते. पावती जपून ठेवा, नाहीतर चोरी झाल्यावर काही मिळत नाही.

पारखायला गाणं कोणतं? भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातलेच. त्यांची एखादी गझल लावा. डग्ग्याची घुमक आणि शब्द दोन्ही वेगळे कळले पाहिजेत. मग 'सैराट'. त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला होता. त्यात बेसवाद्यांचा खरा खर्ज आहे. फाइल मात्र व्हॉट्सॲपवरून आलेली नको. गाण्याच्या ॲपमध्ये दर्जा सर्वांत वरचा निवडा आणि जमेल तिथे ब्लूटूथऐवजी केबल लावा.

हे काम दिवाळीच्या आठवड्यात काढू नका. सणाच्या दिवसांत दुकानांत नव्या गाड्यांची रांग असते, आणि घाईत दाराची भोकं उघडीच राहतात. तुळशीचं लग्न उरकलं की सकाळी गाडी नेऊन लावा, आधी फक्त पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग सांगा, आणि आवरण परत बसवण्याआधी आत स्वतः बॅटरी मारून बघा.