पाळणा लांबला म्हणून

लग्नास तीन वर्षें लोटलीं आणि पाळणा हलला नाहीं, कीं घरांतील सर्वांची दृष्टि सुनेकडे वळते. आमच्या परिचयाच्या एका घरीं नणंदेच्या डोहाळजेवणांत सुनेस ओटी भरूं दिली नाहीं. तिची पाळी दोन दोन महिने लांबे, एवढाच तिचा अपराध.

या विकारास हल्लीं ‘पीसीओएस’ म्हणतात. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनीं १९३५ सालीं अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली होती. सोनोग्राफींत दिसतात त्या गांठी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या पिशव्या होत. बीज वेळेवर सुटत नाहीं, पण तें असतें, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

वजन अधिक असल्यास थोडें उतरल्यानेंही पुष्कळदां पाळी सुधारते. पण सर्वांमागून रात्रीं दहाला जेवणाऱ्या सुनेस पथ्य सांगावें तरी कसें? बीज सुटावें म्हणून डॉक्टर लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत त्या घेणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें २७ जणींस मूल झालें; जुन्या क्लोमिफेननें १९.

मात्र गोळीपूर्वीं पतीचीही तपासणी हवी. त्या घरीं ही गोष्ट निघतांच सासरे उठून गेले. शेवटीं ऐंशी वर्षांच्या आजेसासूबाई म्हणाल्या, “उद्यां दोघांनीं मिळून जा.”