‘मला काही नाही झालं!’

मैत्रिणींनो, पावसाळ्यात आपल्या घरात काय चालतं ते मी तुम्हांला सांगायला नको. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, मुलं एकामागून एक शिंकू लागतात. अशा दिवसांत घरदार सोडून, पाठीला सॅक लावून डोंगरात भिजायला जाणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणाल? माझ्या सासूबाई जे म्हणाल्या ते इथं लिहीत नाही! पण गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी गेले खरी. एक शनिवार, एक रविवार. आणि परत आले ती एक गोष्ट शिकून. ती पावसाबद्दल आहे, तशीच आपल्या सगळ्याजणींच्या एका सवयीबद्दलही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. दोन मुलं, सासूबाई, हे, आणि सकाळची तीन तासांची शाळा. कॉलेजात बी.ए.ला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आमच्याच गावात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) दिलेली. तेव्हापासून आम्ही दोघी म्हणत होतो, ‘एकदा दोघीच कुठंतरी जाऊ या.’ दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी मुलांच्या परीक्षा, कधी पाहुणे, कधी कुणाचं दुखणंखुपणं. शेवटी ह्यांनीच सांगितलं, “जा आता. मुलांचं मी बघतो.” माणसानं ‘जा’ म्हटलं की आपलीच पावलं अडखळतात. शुक्रवारी रात्री बारापर्यंत मी पोळ्या, भाजी, इस्त्री करत होते. बेत साधा होता : शनिवारी वेरूळ, मुक्काम खुलताबादला, रविवारी चालत म्हैसमाळ आणि संध्याकाळी घरी.

शनिवार : नुसता आनंद

वेरूळ आमच्या शहरापासून सुमारे तीस किलोमीटर. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत लेणी पाहिली असतील तर एकदा पावसात पाहा. एकूण ३४ लेणी : पहिली १२ बौद्ध, मधली १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. १६ क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलेलं आहे. आधी कळस, मग पाया! १९८३ मध्ये ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. पावसाळ्यात २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारी वरून धबधबा कोसळतो, काळा कातळ ओलाचिंब चमकतो आणि वरचा डोंगर हिरवागार होतो. (जायचं ठरवलंत तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.)

शनिवारी पावसाची भुरभुर होती. आम्ही कणसं खाल्ली, फोटो काढले, खुलताबादचा घाट गप्पा मारत चढलो. रात्री एका साध्या खोलीत झोपताना मैत्रीण म्हणाली, “अगं, आपण दोघी अजून त्याच आहोत.” मला भरून आलं.

रविवार : ओढा

खुलताबादहून म्हैसमाळ सुमारे बारा किलोमीटर. डांबरी सडक आहे. पण सकाळी चहाच्या टपरीवर कुणी सांगितलं की शेतांच्या कडेनं पायवाट जाते. आम्हांला पायवाट हवी होती! पाऊस जोर धरत होता. आता एक खरं सांगते. आम्ही मराठवाड्याची माणसं पावसाला घाबरायला शिकलेलोच नाही. आमच्याकडं वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आम्ही लहानपणापासून त्याची वाट बघितली, हंडे भरून ठेवले. तो भरभरून आला की आम्ही हात जोडतो. त्याच्यापासून जपायचं असतं, हे कोकणातल्या बाईला कळतं तसं आम्हांला कळत नाही.

काळी माती बुटांना चिकटून एकेक पाय दोन-दोन शेरांचा झाला. छत्री वाऱ्यानं उलटी झाली. सॅकवर घातलेलं आवरण कुठल्या कुठं उडालं आणि आतलं सगळं भिजलं. दीड तासानं समोर ओढा आला. एरवी त्यात बकऱ्या उभ्या राहून पाणी पीत असतील, असा तो ओढा. त्या दिवशी गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं आणि तळ दिसत नव्हता.

मैत्रीण थांबली. म्हणाली, “परत जाऊ या का?”

मैत्रिणींनो, मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, “एवढं आलो, आता परत कशाला? गुडघ्याइतकंसुद्धा नाही पाणी!” अकरा वर्षांनी मिळालेले दोन दिवस. ते अर्धवट सोडून घरी गेले तर सासूबाई काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात. मी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. नुसतं विचारलं, “तू बरी आहेस ना?” ती म्हणाली, “मला काही नाही झालं.”

मी एक पाऊल पाण्यात टाकलं. पाणी नडगीपर्यंतच होतं, पण खालचा दगड सरकला आणि पाण्यानं पाय असा ओढला की मी बसलेच. काठावरचं झुडूप हातात आलं म्हणून निभावलं. वळून पाहिलं तर मैत्रीण मला हात द्यायला पुढं आली नव्हती. ती एका दगडावर बसली होती. थडथडत होती. “ऊठ,” म्हटलं तर तिनं काहीतरी पुटपुटलं. शब्द नीट येईनात. सॅकचा पट्टा सोडायला गेली तर बोटं वळेनात.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

घोंगडी आणि गुळाचा चहा

तिला धरून धरून मी मागं फिरवलं. अर्ध्या तासावर शेतात पत्र्याचं एक घर लागलं. दारात पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली एक मावशी उभी होती. आम्हांला बघून तिनं ना नाव विचारलं ना गाव. “अगं बाई, ओठ निळे पडलेत की हिचे! आधी ते ओलं काढ तिच्या अंगावरचं.” तिनं स्वतःचं कोरडं लुगडं दिलं, वरून घोंगडी गुंडाळली, चुलीपासून थोडं लांब बसवलं आणि गुळाचा गरम चहा घोट-घोट पाजला. मी घाबरून तिचे हात-पाय खसाखसा चोळायला लागले तर मावशी म्हणाली, “राहू दे, हळूहळू येईल ऊब.” नंतर डॉक्टरांनी सांगितलं, मावशीचं अगदी बरोबर होतं. अंग फार गारठलं असेल तर जोरात चोळू नये, एकदम विस्तवाजवळही नेऊ नये.

तासाभरानं मैत्रिणीच्या चेहऱ्यावर रंग आला आणि ती रडायला लागली. म्हणाली, “सकाळपासूनच मला थंडी वाजत होती गं. कालपासून कणकणही होती. पण तू इतकी खुशीत होतीस, तुझा विरस कशाला करायचा?”

आता बघा. मी तिला खरं विचारलं नाही, तिनं मला खरं सांगितलं नाही. मी सासूबाईंच्या बोलण्याला भ्यायले, ती माझ्या विरसाला भ्याली. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी, आणि त्यापायी तिच्या जिवावर बेतलं असतं.

‘मला काही नाही झालं’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? ताप अंगावर काढतो, जेवण उरलं नाही तर ‘मला भूकच नाही’ म्हणतो. घरात त्याला सोशिकपणा म्हणतात, कौतुकही होतं. पण डोंगरात, पावसात, सोबत एकच माणूस असताना ते वाक्य म्हणजे खोटा निरोप आहे. सोबतीण त्याच निरोपावर पुढचं पाऊल टाकते.

तुम्ही जाल तेव्हा

मी जाऊ नका म्हणणार नाही. जरूर जा! पण माझ्या चुका तुम्ही करू नका.

१. ओल्या अंगाला वारा लागला की शरीराची ऊब झपाट्यानं जाते. त्याला बर्फच पडायला हवा असं नाही. आपल्याकडच्या श्रावणातही माणूस गारठतं. थडथडणं, बोबडं बोलणं, बोटं न वळणं, उगाच चिडणं, ‘मी इथंच बसते’ म्हणणं ही खुणेची लक्षणं. लगेच आडोसा, कोरडे कपडे आणि शुद्ध नीट असेल तर गरम गोड पेय. थडथड थांबून गुंगी यायला लागली तर मात्र बरं वाटतंय असं समजू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

२. सुती कपडे आणि जीन्स पाणी धरून ठेवतात आणि अंग गार पाडतात. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरी कपडे बरे. आपले शेतकरी घोंगडी पांघरतात ते उगाच नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते.

३. सॅकच्या बाहेरच्या आवरणावर विसंबू नका. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, तिच्यात सामान भरा आणि तोंड पिळून बांधा. कपड्यांचा एक संपूर्ण जोड आणि मोजे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. ते मुक्कामाशिवाय किंवा अडचणीशिवाय उघडायचे नाहीत.

४. ओझं कमी घ्या. मी दोघींसाठी लोणचं, चटण्या, दोन टॉवेल आणि मुलांना आणायच्या खाऊचा रिकामा डबासुद्धा नेला होता! हसू नका, तुम्हीही न्याल.

५. वाहत्या पाण्याचा अंदाज खोलीवरून करू नका. नडगीभर पाणीही जोर असला तर माणसाला आडवं करतं, आणि वर डोंगरात पाऊस झाला की बघता बघता वाढतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते आठवा. गढूळ पाणी, न दिसणारा तळ, वाढता आवाज यांतलं एक जरी असलं तरी परत फिरा.

६. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा बघा. लाल किंवा नारंगी असेल तर बेत पुढं ढकला. विजेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घेता येतं. वीज कडाडत असेल तर एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

७. भिजलेले बूट विस्तवाजवळ ठेवू नका; तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीनदा बदला आणि पंख्याखाली ठेवा.

८. हे सर्वांत महत्त्वाचं. निघतानाच दोघींनी करार करा : दर तासाला थांबायचं, एकमेकींना विचारायचं आणि खरं सांगायचं. दोघींतल्या एकीनं ‘परत’ म्हटलं की परत. वाद नाही, रुसवा नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई दारातच होत्या. मी ठरवलं होतं, ‘छान झाली सहल’ एवढंच सांगायचं. पण तोंडातून सगळं खरं निघालं, ओढ्यासकट. त्या रागावल्या नाहीत. आत गेल्या, पाणी तापवलं आणि म्हणाल्या, “माझा गुडघा महिनाभर ठणकतोय. मीही कुणाला बोलले नाही.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडं गेलो.

म्हैसमाळ अजून राहिलंच आहे. यंदा जाणार आहोत, सडकेनं! मावशीसाठी एक लुगडं घेऊन ठेवलंय आणि मोज्यांचा एक जोड आत्तापासूनच पिशवीत बांधून ठेवलाय.