नारायणराव वाचले असते तर? ‘पर्यायी इतिहास’ म्हणजे काय, समजून घ्या

हिंगोलीत स्वातंत्र्याचं झेंडावंदन वर्षातून दोनदा होतं. एक 15 ऑगस्टला आणि दुसरं 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. कारण 1948 पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पण निजामाचं राज्य त्याआधीच संपलं असतं तर? हा प्रश्न पडला की ‘पर्यायी इतिहास’ सुरू होतो.

हा प्रकार काय आहे?

खऱ्या इतिहासातली एकच घटना बदलायची आणि पुढे काय झालं असतं याची गोष्ट रचायची. मराठीतलं गाजलेलं उदाहरण म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. 14 जानेवारी 1761 ला विश्वासराव पानिपतावर गोळी लागून पडले. कथेतले प्राध्यापक मात्र अशा जगात पोहोचतात, जिथे विश्वासराव वाचलेत आणि मराठे जिंकलेत.

तरुण राजपुत्रच का?

कारण ते अकाली गेले की गादीचा वाद पेटतो आणि इतिहासाची दिशा बदलते. विश्वासराव गेले तेव्हा जेमतेम 18 वर्षांचे होते. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी मारले ते नारायणराव पेशवेही 18 वर्षांचेच.

इंग्लंडमध्ये 1553 साली लेडी जेन ग्रे ही किशोरवयीन मुलगी नऊ दिवस राणी झाली आणि पुढच्या वर्षी तिचा शिरच्छेद झाला. ‘माय लेडी जेन’ या कादंबरीत आणि त्यावरच्या 2024 च्या वेब सिरीजमध्ये ती वाचते. शिवाय तिथली काही माणसं चक्क प्राणी होतात!

यात विनोद कुठून येतो?

शेवट वाईट होता हे वाचकाला माहीत असतं. तो टळताना पाहून हसू येतं. समजा, ‘धरावे’चं ‘मारावे’ करताना आनंदीबाईंच्या बोरूतून शाईचा डाग पडला. गारदी अर्थ लावत बसले, आणि तेवढ्यात नारायणराव मागच्या दाराने पसार!

मग हिंगोलीचं काय झालं असतं?

आधी खरं काय घडलं ते पाहू. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि 1775 ते 1782 पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चाललं. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. पण ऑक्टोबरमध्ये 21 वर्षांचे सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीसाठी कारस्थानं सुरू झाली आणि त्या गोंधळात निजामाने गमावलेलं बरंचसं परत मिळवलं. 1798 मध्ये त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढे हिंगोलीतच हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती.

आता गोष्टीत नारायणराव वाचवा. राघोबांना इंग्रजांकडे जाण्याचं कारण उरत नाही आणि पुण्याची ताकद निजामाकडे वळू शकते. तरी हिंगोली लगेच मिळत नाही! खर्ड्याला निजामाने कबूल केलेला मुलूख परांड्यापासून तापीपर्यंतचा होता. हिंगोली त्याच्या बरीच पूर्वेला. म्हणजे लेखकाला आणखी एक लढाई जिंकावी लागेल. चांगला पर्यायी इतिहास असा नकाशा उघडूनच लिहावा लागतो.

मग ही फेक न्यूज नाही का?

नाही. पर्यायी इतिहास ‘हे घडलं नाही’ असं मान्य करूनच सुरू होतो. खरा धोका उलट बाजूने असतो. नारायणरावांच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हा इतिहास आहे. पण आनंदीबाईंनी अक्षर बदलल्याला भक्कम पुरावा नाही, असं अनेक अभ्यासक मानतात. तरीही ‘ध चा मा’ ही म्हण झाली आणि एक बाई अडीचशे वर्षं खलनायिका ठरली.

त्यामुळे ‘असं झालं असतं तर’ ही पोस्ट बिनधास्त शेअर करा. ‘असंच झालं होतं’ म्हणणारी पोस्ट मात्र पुढे पाठवण्याआधी तपासा.