गिऱ्हाईक आपले की ॲपचे?

झोमॅटो-स्विगीसारख्या ॲपांवर उपाहारगृहाने किती विसंबावे, याचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडता येतो. २०० रुपयांच्या थाळीवर शेकडा २५ दलाली धरली, तर ५० रुपये तेथेच सरले. धान्य, गॅस, आचाऱ्याचा पगार, जागाभाडे सारे उरलेल्या दीडशेत भागवावयाचे. याहून मोठी हानी निराळीच आहे. आपला जेवणारा कोण, हेच मालकास कळेनासे होते. २०२१ साली उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धा आयोगाकडे केलेल्या तक्रारीत हेही गाऱ्हाणे होते.

तेव्हा प्रथम गिऱ्हाइकांची नोंदवही हवी. करारात मनाई नसल्यास प्रत्येक डब्यासोबत दुकानाचा दूरध्वनी क्रमांक छापलेली चिठ्ठी जावी, आणि थेट मागणीस १५ रुपये कमी घ्यावेत. (५० देताना न दुखणारा हात १५ सोडताना दुखतो, हे नवलच!) दीड-दोन किलोमीटरांत आपला सायकलस्वार पुरतो. मासिक डब्याची गिऱ्हाइके तर सर्वांत भरवशाची. त्यांची संख्या आदल्या दिवशीच ठाऊक असल्याने अन्न फारसे वाया जात नाही.

ॲप एकदम बंद मात्र करू नये. नवखा माणूस पुष्कळदा तेथूनच येतो. त्याच्या पहिल्या थाळीची दलाली जाहिरातीचा खर्च समजावी. दुसऱ्या थाळीसाठी त्याने थेट दूरध्वनी करावा, एवढी व्यवस्था पहिल्या डब्यातच झालेली असावी.